पट्टी निगेटिव्ह म्हणजे किडनी ठीक? एका चाचणीची चिकित्सा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक देखणा आलेख काढला होता. बफरमध्ये बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन विरघळवलं, रंगद्रव्य घातलं, शोषण मोजलं. सरळ रेषा, आर-स्क्वेअर ०.९९. गाइडनी बघून एवढंच विचारलं, "यात लघवी कुठाय?" तेव्हा राग आला होता. पुढे एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन खरे नमुने तपासले, तेव्हा काही नमुन्यांचा स्वतःचा पिवळेपणाच माझ्या सिग्नलपेक्षा मोठा निघाला.

'मूत्रपिंडविकारासाठी स्वस्त चाचणी' हा विषय संशोधनाच्या वाटेवर तुम्हालाही भेटणारच. म्हणून आज या क्षेत्रातल्या सगळ्यात जुन्या-जाणत्या साधनाची, म्हणजे लॅबमधल्या डिपस्टिक पट्टीची, चिकित्सा करू.

आधी तिची बाजू. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, तापवल्यावर साकळणारी लघवी आणि बिघडलेली मूत्रपिंडं यांचा संबंध दाखवला. साकळतं ते प्रथिन. पट्टी हेच काम न तापवता करते. तिच्या प्रथिनाच्या चौकोनात टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू हा निर्देशक आणि पीएच ३ च्या आसपास ठेवणारा बफर असतो. या पीएचला निर्देशक पिवळा असतो. अल्ब्युमिन त्याला चिकटलं की पीएच तोच राहूनही रंग हिरवा-निळा होतो. पीएच मोजताना प्रथिनांमुळे होणारी ही चूक म्हणजे डोकेदुखी. इथे त्याच चुकीची चाचणी केलीय. कल्पना खरोखर हुशार आहे. मिनिटभरात उत्तर मिळतं आणि यंत्र लागत नाही.

आता आक्षेप. पहिला रसायनाचा. निर्देशक मुख्यतः अल्ब्युमिनला प्रतिसाद देतो. मल्टिपल मायलोमात लघवीतून जाणारी बेन्स-जोन्स प्रथिनं मूत्रपिंडाला इजा करू शकतात, पण पट्टीला ती जवळजवळ दिसत नाहीत. सल्फोसॅलिसिलिक आम्लाने तोच नमुना गढूळ होतो. उलट, लघवी फार अल्कधर्मी असेल तर बफर हरतो आणि प्रथिन नसताना पट्टी हिरवी होते.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पट्टी संहती मोजते. डॉक्टरांना हवी असते गळती. हिशोब करून बघा. एका माणसाच्या लघवीतून दिवसाला २४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन जातंय. भरपूर पाणी पिऊन ३ लिटर लघवी झाली, तर संहती ८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पट्टी बहुधा निगेटिव्ह. तोच माणूस मे महिन्यात उन्हात राबला आणि लघवी ०.६ लिटरच झाली, तर ४०. पट्टी १+ दाखवेल, कारण १+ साधारण ३० ला धरतात. आजार तोच, उत्तरं दोन.

यावरचा उपाय म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. क्रिएटिनिनही त्याच पाण्यात विरळ होतं, म्हणून भागाकारात पाणी उडून जातं. या माणसाचं क्रिएटिनिन दिवसाला १ ग्रॅम धरलं, तर दोन्ही वेळा उत्तर २४० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. केडिगोच्या वर्गवारीत ३० ते ३०० हा ए२ गट, म्हणजे मध्यम वाढ.

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. गळती तेवढीच, पण आजी कृश आणि त्यांचं क्रिएटिनिन ०.६ ग्रॅम, तर गुणोत्तर ४००, थेट ए३. एखाद्या पैलवानाचं १.८ ग्रॅम असेल, तर १३३. शिवाय क्रिएटिनिन जॅफे अभिक्रियेने मोजलं असेल, तर क्षारीय पिक्रेट अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटसारख्या इतर पदार्थांशीही रंग देतं. म्हणजे भाजकातही चूक असते, फक्त ती दिसत नाही.

मग पट्टी टाकून द्यायची का? अजिबात नाही. पटकन चाळणी लावायला ती चांगलीच आहे. माझी तक्रार त्या पेपरांबद्दल आहे, जे कृत्रिम लघवीत अल्ब्युमिन मिसळतात, शोधमर्यादा छापतात आणि निष्कर्षात 'मूत्रपिंडविकाराचं निदान' असं लिहितात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकावा लागतो. एका नमुन्यावरून, तोही बाटलीत बनवलेल्या, निदान कसं होईल?

असा पेपर वाचताना वहीच्या समासात तीन प्रश्न लिहा. नमुना खऱ्या माणसांचा आहे का? क्रिएटिनिन मोजलंय का, आणि कोणत्या पद्धतीने? तुलना कोणत्या प्रस्थापित पद्धतीशी केलीय? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर तो पेपर रंगद्रव्याच्या रसायनाचा समजून वाचा. तसा तो उपयोगी असूही शकतो. माझा तो आलेख तेवढ्याच लायकीचा होता, आणि थिसिसमध्ये मी तो त्याच शीर्षकाखाली ठेवणार आहे.