चौथी चौकट

वर्तमानपत्रातील अग्रलेखावर आपल्याकडे परिसंवाद होतात, रविवारच्या पुरवणीतील कथेचेही परीक्षण होते. परंतु त्याच पत्राच्या आतील पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी रोज छापल्या जाणाऱ्या तीन-चार चौकटींच्या चित्रमालिकेची समीक्षकांनी दखल घेतल्याचे क्वचितच आढळते. ज्या सुशिक्षित गृहस्थाची दृष्टी अंक हाती पडताच प्रथम तिकडे वळते, तोही ही गोष्ट चारचौघांत सहसा कबूल करीत नाही. चित्रे आहेत म्हणजे ते मुलांसाठी, आणि रोज येते म्हणजे ते फुटकळ, असे दोन समज या उपेक्षेच्या मुळाशी आहेत. यांतील दुसरा अधिक घातक होय. कारण या कलेचे सामर्थ्य मुळी तिच्या रोज येण्यातच साठविलेले आहे. चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘पीनट्स’ या मालिकेच्या आधारे ते दाखविता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी अवघ्या सात वर्तमानपत्रांतून सुरू झाली. हे नाव शुल्झला कधीच आवडले नाही. ते वितरणसंस्थेने ठरविले होते. जागा वाचविणारी मालिका म्हणून ती संपादकांना विकण्यात आली. चारही चौकटी एकाच मापाच्या, म्हणजे सोयीप्रमाणे त्या आडव्या, उभ्या किंवा दोनाखाली दोन अशा कशाही रचाव्यात. छापील नमुन्याच्या अपुऱ्या रकान्यात आपले म्हणणे बसविण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या आम्हां कारकुनांना शुल्झची अडचण समजावून सांगावी लागू नये. त्याने तिच्यातूनच आपली शैली घडविली. पार्श्वभूमी जवळजवळ गाळून टाकली. एखादी बुटकी भिंत, एखादे झाड, गवताच्या चार रेघा. मुलांची डोकी मोठी, हातपाय आखूड, डोळे म्हणजे दोन ठिपके. परंतु त्या ठिपक्यांच्या बाजूची एखादी लहानशी रेघ किंचित वाकली, की चार्ली ब्राऊनच्या चेहऱ्यावर जी विषण्णता उमटते, ती पुष्कळ कथालेखकांना दोन परिच्छेद खर्चूनही साधत नाही.

सामान्य विनोदकार आपला टोला शेवटच्या चौकटीसाठी राखून ठेवतो. शुल्झ पुष्कळदा तो तिसरीतच देऊन मोकळा होतो, आणि चौथी चौकट टोला खाल्लेल्या माणसासाठी ठेवतो. तेथे एखादा सुस्कारा असतो, नाहीतर तोही नसतो. मुलगा नुसता समोर पाहत असतो. येथे वाचकाचे हसू थबकते, आणि आपण कोणाला हसलो हा प्रश्न त्याला पडतो. लूसी नावाची तोंडाळ मुलगी १९५९ साली रस्त्याकडेला मानसोपचाराचे दुकान थाटते. सल्ल्याचे मूल्य पाच सेंट. चार्ली ब्राऊन आपल्या खोल नैराश्याचे गाऱ्हाणे मांडतो. ती त्याला ते झटकून टाकावयास सांगते आणि लगेच पैसे मागते. उपचारशास्त्रावरील ही टीका मार्मिक आहेच. परंतु तिच्याहून मार्मिक गोष्ट ही की, तो मुलगा पुनःपुन्हा त्याच दुकानी जातो.

हे पुनःपुन्हा जाणे हाच या मालिकेचा प्राण. लूसी चेंडू जमिनीवर धरून ठेवते, चार्ली ब्राऊन लाथ मारण्यासाठी धावत येतो, ऐन क्षणी ती चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आदळतो. १९५२ पासून हा प्रसंग बहुतेक दर वर्षी आला. शेवट वाचकाला ठाऊक, चार्ली ब्राऊनलाही ठाऊक. तरीही तिचे नवे आश्वासन काय असेल आणि हा कोणत्या तर्काने फसेल, याची उत्सुकता उरते. कीर्तनातील आख्यान श्रोत्याला तोंडपाठ असते, म्हणून तो घरी बसत नाही; बुवा ते आज कसे रंगवितात हे ऐकावयास तो येतो. असाच काहीसा हा आनंद आहे. एखाद्या कथासंग्रहात ही गोष्ट दोनदा आली, तर लेखक आटला असे आपण म्हणू. वर्षाच्या अंतराने ती आली, की तिला ऋतूचे रूप येते. मधल्या वर्षात वाचकही कोठेतरी पाठीवर आदळलेला असतोच. १९९९ च्या अखेरच्या प्रसंगी लूसीला घरात बोलावणे येते आणि ती चेंडू धाकट्या रीरनच्या हाती देते. पुढे काय घडले ते चित्रात नाही; लूसी विचारते तेव्हा तो तिला ते कधीच कळणार नाही, असे सांगतो. सत्तेचाळीस वर्षे ताणलेल्या गोष्टीची गाठ याहून नेमकी बांधता आली असती असे वाटत नाही.

मालिकेत सारेच सरस आहे असे मात्र नव्हे. स्नूपी हा कुत्रा जसजसा लोकप्रिय झाला, तसतशी त्याची लाडिक करमणूक वाढली आणि मुलांचे जग मागे पडले. बाहुल्या, पेले, सदरे यांवर त्याने जे साम्राज्य पसरविले, त्याने मूळ चित्रांतील उदासपण झाकोळले. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चा कर्ता बिल वॉटर्सन याने अशा व्यापाराला ठाम नकार दिला आणि दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, मालिकाच थांबविली. तो मार्ग अधिक मानी खरा. परंतु सुमारे पन्नास वर्षे एकाही मदतनिसाच्या हाती लेखणी न देता १७,८९७ मालिका स्वतः रेखाटणाऱ्या शुल्झची निष्ठा त्याहून उणी मानता येणार नाही. उतारवयात त्याचा हात कापू लागला. ती कापरी रेघ त्याने लपविली नाही.

आपल्या भाषेत या जातीचे खरे उदाहरण म्हणजे चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’. १९९१ साली पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये तो अवतरला. परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी वाचावयास बसविण्याच्या कामी पाठ्यपुस्तकांहून तो अधिक उपयोगी पडतो, हा अनुभव अनेकांचा असेल. परंतु उपयुक्तता म्हणजे मोठेपणा नव्हे, म्हणून त्याकडे कला म्हणूनच पाहू. शुल्झच्या जगात मोठी माणसे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे तेथील मुलाच्या दुःखाला अपील करावयास वरचे कार्यालय नाही. चिंटूला आई आहे, पप्पा आहेत, शेजारी जोशीकाकू आहेत. त्याचा पराभव रागावण्यात किंवा जेवणाच्या ताटाशी मिटतो. त्यामुळे ‘चिंटू’त ऊब अधिक आणि एकाकीपण कमी. हा दोष नव्हे, तो आपल्या घरांचा गुण आहे. परंतु त्याची चौथी चौकट बहुधा हजरजबाबी उत्तराने वाजते, आणि येथे आपल्या विनोदाची जुनी सवय दिसते. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून आपला विनोद शब्दांवर पोसलेला. मुके राहून हसविणे त्याला सहसा मानवत नाही. चिमणरावाची फजिती आपण वर्षानुवर्षे आवडीने वाचली, तीही चिमणराव स्वतः ती सांगतो म्हणून. ज्या दिवशी चिंटू शेवटी काहीच बोलत नाही आणि पप्पूसह कट्ट्यावर नुसता बसून राहतो, त्या दिवशीचे चित्र कात्रण करून ठेवावेसे वाटते.

‘पीनट्स’ची समग्र आवृत्ती २००४ ते २०१६ या काळात ग्रंथरूपाने निघाली आहे. ग्रंथालयातून एखादा खंड आणलाच, तर तो एका बैठकीत संपवू नये. तसे केल्यास तिसाव्या पानावर कंटाळा येईल आणि दोष मालिकेला लागेल. कचेरीत निघण्यापूर्वी एक पान पुरे.