दत्त-दास प्रस्ताव : एक पुनर्विचार

पर्ड्यू विद्यापीठातील सुप्रियो दत्त व बिस्वजित दास यांचा एक छोटा निबंध १९९० साली 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झाला. परिवलन-ट्रान्झिस्टरची कल्पना प्रथम मांडणारा म्हणून त्याचा गौरव होतो; पण गौरव करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो मुळातून वाचला असेल, याची शंका येते. शीर्षकात ट्रान्झिस्टरचे नावही नाही. विद्युत्-प्रकाशीय नियमकाचे इलेक्ट्रॉनीय सादृश्य, एवढाच लेखकद्वयाचा दावा आहे. तेव्हा निबंधाची परीक्षाही त्या सादृश्यावरूनच व्हावयास हवी.

प्रथम ध्रुवक, मग ध्रुवण बदलणारे माध्यम आणि शेवटी विश्लेषक, ही प्रकाशातील योजना. येथे दोन्ही टोकांस लोखंडाचे स्पर्शक असून मध्ये अर्धसंवाहकातील द्विमितीय इलेक्ट्रॉन-थर आहे. थरातील विद्युत् क्षेत्र धावत्या इलेक्ट्रॉनास चुंबकीय भासते व त्याचे परिवलन वळू लागते. हाच राश्बा परिणाम. वेगवान इलेक्ट्रॉनावर हा प्रभाव अधिक, पण त्याचा प्रवासकाल तितकाच कमी. म्हणून वळणाचा कोन ऊर्जेवर अवलंबून राहत नाही. निबंधातील सर्वांत सुंदर भाग तो हाच. अर्ध्या वळणास सुमारे ०.६७ मायक्रोमीटर लांबी पुरेल, असा लेखकांचा हिशेब आहे. द्वारावरील विद्युत् दाबाने हा परिणाम कमीअधिक करता येतो, हे जपानमध्ये नित्ता व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. अवघड वाटणारा भाग असा सिद्ध झाला.

सोपा वाटणारा भाग मात्र अडला. लोखंडात एका परिवलनाच्या अवस्था अधिक, म्हणून अर्धसंवाहकात शिरणारा प्रवाहही ध्रुवित असणार, असे लेखकांनी जवळजवळ गृहीत धरले आहे. श्मिट व सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले की, अर्धसंवाहकाचा रोध धातूच्या मानाने फार मोठा आणि दोन्ही परिवलनांना सारखाच असल्याने लोखंडातील ध्रुवण सीमेपलीकडे जवळपास पोहोचतच नाही. प्रकाशाच्या ध्रुवकास अशी अडचण नसते. सादृश्य नेमके येथे तुटते. अर्थात श्मिट यांचे गणित टकरा होत जाणाऱ्या प्रवाहाचे आहे, तर दत्त-दास यांचे इलेक्ट्रॉन विनाटक्कर जातात. हा भेद आमचे विद्यार्थी सहसा विसरतात. सीमेवर सुरंगन-अडसर घालावा, हा उपाय राश्बा यांनी त्याच वर्षी सुचविला.

२००९ साली कोरियातील कू व सहकाऱ्यांनी अतिशीत तापमानास अपेक्षित आंदोलने नोंदविली, पण त्यांच्या अर्थाविषयी मतभेद झाले. २०१५ साली चुआंग व सहकाऱ्यांनी लोखंडादी चुंबकीय स्पर्शक टाकूनच दिले आणि अर्धसंवाहकातील अरुंद बिंदुस्पर्शकांकडून ध्रुवक व विश्लेषक यांचे काम करून घेतले.