जॉन वेनचा हात, भाच्याचा खांदा

वेस्टर्न चित्रपटांवर पुष्कळ विद्वानांनी लिहिलं आहे. त्यांतल्या किती जणांनी आधी रायफलीचा दस्ता खांद्याला लावून पाहिला, कोण जाणे! मीही लावलेला नाही. पण माझ्या भाच्याने लावला, आणि मी त्याच्या मागे दहा पावलांवर कानांना टोपणं घालून उभा होतो. समीक्षकाला एवढी जवळीक पुरते.

भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. शेजाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं म्हणून त्याने नवी मार्लिन ३३६ घेतली. हा रायफलीचा 'काउबॉय' प्रकार. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतली की नवं आत. पहिल्या चांदमारीला मामाला साक्षीदार म्हणून नेलं.

आता ही कडी आमच्या पिढीला शिकवली कोणी? जॉन वेनने. जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) स्वारी प्रथम दिसते तीच रायफल एका हाताने गरकन फिरवत. ते पाहून मॅटिनीचे प्रेक्षक घरी गेले आणि त्यांनी छत्र्या मोडल्या. गोष्ट १८८०च्या आसपासची आणि हातात विंचेस्टर १८९२ सालची. ते चालवून घेऊ. आपल्या नाटकांतले मावळेसुद्धा कधीमधी मनगटी घड्याळ बांधून गड चढतात. चालवून घ्यायची नाही ती फिरकी. चांदमारीवर पहिला नियम असा की नळीचं तोंड कायम निशाणाकडे. तिथे ही फिरकी घेतली असती, तर नळीने आधी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना आणि मग खुद्द वेनसाहेबांच्या बुटांना नमस्कार केला असता, आणि देखरेखीवरच्या म्हातारबुवांनी साहेबांना थेट गाडीपर्यंत पोचवलं असतं.

दुसरी तक्रार काडतुसांची. पडद्यावर ती संपतच नाहीत. भाच्याच्या रायफलीत नळीखालच्या पुंगळीत सहा मावतात, आणि तीही बाजूच्या झडपेतून एकेक अंगठ्याने रेटायची. चौथ्याला अंगठा लाल! आत ती रेल्वेच्या डब्यांसारखी ओळीने निजतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक. म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवण्याची रीत. टोकदार असलं, तर धक्क्यासरशी पुढच्याच्या टोपीवर आपटून आतच धडाका व्हायचा. इतकं नाट्य फुकट उपलब्ध असून मी पाहिलेल्या एकाही पटकथेत ते नाही.

पण खरी फसवणूक पुढेच आहे. पडद्यावर धावत्या घोड्यावरून बार काढला की समोरचा कोसळतो; बिचारा जखमी होऊन दोन दिवस झुडपात पडून राहत नाही. इथे भाच्याने २५ यार्डांपासून सुरुवात केली. गोळ्या डावीकडे जात होत्या, म्हणून मागची खाच लाकडी हातोडीने ठोकून केसभर उजवीकडे सरकवली. पन्नास यार्डांवर पाचही गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात. मी टाळ्या वाजवल्या. त्या कोणालाच ऐकू आल्या नाहीत. शंभर यार्डांवर मात्र तीनच आत.

"पाचांत तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!" मी म्हणालो.

"मामा, हरणाचं काळीज-फुप्फुस धरून साधारण एवढीच जागा असते," तो ताटली दाखवत म्हणाला. "बाहेरच्या दोन पोटात नाहीतर पायात गेल्या असत्या."

मग खांदा चोळत त्याने चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर '५०' लिहिलं आणि दस्त्यावर लावून टाकला. यंदा त्यापलीकडचं हरीण दिसलं, तर नुसतं पाहायचं. वेस्टर्नच्या नायकाला पल्ल्याबाहेरचं काही दिसल्याचं मला आठवत नाही.

अपवाद म्हणून मी त्याला अँथनी मानचा 'विंचेस्टर ७३' (१९५०) लावून दिला. त्यात रायफल गोष्टीच्या सालाशी जुळते, आणि ती मिळवण्यासाठी जेम्स स्टुअर्टला नेमबाजीची स्पर्धा जिंकावी लागते. स्पर्धा ऐन रंगात आली, तेव्हा भाच्याने चित्रपट थांबवला.

"मामा, हे किती यार्डांवरून चाललंय?"