‘कोर्ट’ : बेअदबीची किंमत कोण मोजतं?

भर न्यायालयात न्यायाधीशांचा अपमान झाला तर पुढे काय होतं, हा आजचा विषय. कायद्याच्या पुस्तकात त्याचं उत्तर आहे आणि ते आम्ही सांगणारच आहोत. पण आम्हांला जास्त अस्वस्थ करणारं उत्तर एका चित्रपटात सापडलं, म्हणून सुरुवात तिथून करतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नारायण कांबळे हे वयस्कर शाहीर. वीरा साथीदारांनी ती भूमिका केली. त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना अटक होते आणि खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश सदावर्ते यांच्यापुढे चालतो. या सबंध चित्रपटात न्यायाधीशांवर कुणी ओरडत नाही, कागद भिरकावत नाही. आपण हिंदी सिनेमात पाहतो तसलं काही नाही. अपमानाचा प्रसंग म्हणावा असा एकच, आणि तोही डोळ्यांदेखत निसटून जातो.

दुसऱ्याच एका प्रकरणाचा पुकारा होतो. एक बाई पुढे येते. तिच्या अंगातल्या कपड्याला बाह्या नाहीत, हे न्यायाधीशांच्या लक्षात येतं. ते नियमाकडे बोट दाखवतात, आज सुनावणी होणार नाही असं सांगतात आणि पुढची तारीख देतात. झालं. ना दंड, ना कैद, ना रागाचा एक शब्द. पण ती बाई कुठून आली असेल, कामावरची सुट्टी कशी मिळवली असेल, किती महिने या तारखेची वाट पाहिली असेल, याची नोंद कुठेच होत नाही.

आता या प्रसंगाशेजारी कायदा ठेवून बघा. चित्रपट आला तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २२८ लागू होतं. कामकाज चालू असताना न्यायाधीशांचा हेतुपुरस्सर अपमान केला किंवा कामात व्यत्यय आणला, तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २६७ झालं आणि दंडाची मर्यादा पाच हजारांवर गेली. यातला ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द महत्त्वाचा. शिवाय न्यायाधीशांना त्याच दिवशी, कोर्ट उठण्याआधी, शिक्षा द्यायची असेल तरी समोरच्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. त्याने माफी मागितली तर सोडूनही देता येतं. म्हणजे कायदा अपमान करणाऱ्याचंही ऐकून घ्या म्हणतो.

मोठ्या माणसाच्या बाबतीत हे ऐकून घेणं कसं होतं, ते पाहायचं तर १९९४चं विनयचंद्र मिश्रा प्रकरण आठवा. हे अलाहाबादचे वकील, आणि तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला म्हणून ते भडकले आणि बदलीची, महाभियोगाची भाषा केली, असा ठपका होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोटीस निघाली, उत्तर दाखल झालं, युक्तिवाद झाले. १९९५ साली सहा आठवड्यांची साधी कैद झाली, तीही स्थगित, आणि तीन वर्षं वकिली बंद. पुढे १९९८ साली घटनापीठाने सांगितलं की, अवमानाची शिक्षा म्हणून वकिलाची सनद निलंबित करता येत नाही. एका उद्धटपणावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने इतका विचार केला. तो करायलाच हवा होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण चित्रपटातल्या त्या बाईला ‘मला हा नियम ठाऊक नव्हता’ एवढं वाक्यही पुरतं बोलायला मिळत नाही. हेतू तर कुणी विचारतच नाही. कलमाखाली अपराधी ठरली असती, तर निदान तिचं ऐकलं गेलं असतं!

ताम्हाणे यांचं मोठेपण आम्हांला इथे दिसतं. त्यांचे सदावर्ते दुष्ट नाहीत. प्रदीप जोशी त्यांना सौम्य, थोडे थकलेले, नियमाला धरून असलेले दाखवतात. साक्षीदार बोलतो, ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, तेवढंच कागदावर उतरतं. कॅमेरा लांब, स्थिर उभा असतो, जणू आपणही मागच्या बाकावर आपल्या पुकाऱ्याची वाट बघत बसलो आहोत.

शेवटाबद्दल मात्र आमचं थोडं वेगळं म्हणणं आहे. कोर्टाला सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवतात, आणि सदावर्ते सहलीला जातात. बाकावर त्यांचा डोळा लागलेला असताना मुलं एकदम ओरडून त्यांना दचकवतात. मुलं पळतात. जो हाती लागतो त्याला थप्पड बसते. अनेक समीक्षकांना हा शेवट चपखल वाटला. इथे न्यायाधीश स्वतःच फिर्यादी होतो आणि स्वतःच निकाल देतो, ते खरंच. पण आम्हांला वाटतं, ही थप्पड प्रेक्षकाला स्वस्तात मोकळं करते. ‘बघा, माणूसच तसला!’ असं म्हणून आपण घरी जातो. माणूस वाईट ठरला की पद्धत सुटते. बाह्यांच्या प्रसंगात ही पळवाट नव्हती. तिथे सदावर्तेंच्या जागी दुसरे कुणी सज्जन गृहस्थ असते, तरी त्यांनीही कदाचित तारीखच दिली असती.

न्यायासनाचा मान राहिलाच पाहिजे, यात शंका नाही. तिथे गोंधळ माजला तर पहिला तोटा दुबळ्याचाच होतो, कारण आरडाओरडा करायची ताकद दुसऱ्या बाजूकडे जास्त असते. पण ज्याला शिक्षा म्हणतात तिला तरी मर्यादा आहे, अपील आहे. पुढच्या तारखेला दोन्ही नाही. म्हणून पुन्हा ‘कोर्ट’ पाहाल तेव्हा शेवटच्या थप्पडीवर थांबू नका. मधल्या त्या अर्ध्या मिनिटाशी थांबा, आणि ती बाई दारातून बाहेर कशी जाते तिकडे बघा.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.