पेशीपटल आणि धातुयुक्त मधुमेहरोधी संयुगे : व्हॅनॅडिअमविषयक संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना

इन्शुलिनचा शोध १९२१ साली लागला. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८९९ मध्ये, फ्रान्समधील लियोने, मार्त्झ आणि मार्तँ या वैद्यांनी सोडिअम मेटाव्हॅनॅडेट हा क्षार काही रुग्णांना देऊन पाहिला होता. त्यांत तीन मधुमेही होते. त्यांपैकी दोघांच्या मूत्रातील शर्करा किंचित घटल्याची नोंद झाली आणि पुढे ती जवळजवळ विस्मृतीत गेली. १९८० मध्ये शेख्टर व कार्लिश यांनी उंदरांच्या मेदपेशींवर व्हॅनॅडिल आयनाचा परिणाम इन्शुलिनसारखा होतो, असे दाखवले. १९८५ मध्ये व्हँकूव्हर येथील मॅकनील यांच्या गटाने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा व्हॅनॅडेटमुळे खाली येते आणि त्यांच्या हृदयाचे मंदावलेले कार्यही सुधारते, असे प्रसिद्ध केले. तेव्हापासून या धातूकडे भावी औषध म्हणून पाहिले जाऊ लागले.

पेशीपटलाशी या धातूचा संबंध प्रथम प्रकाशात आला तो मात्र औषध म्हणून नव्हे, तर अडथळा म्हणून. १९७७ मध्ये कँटली व सहकाऱ्यांना असे आढळले की स्नायूंपासून मिळवलेल्या एटीपीमध्ये मिसळलेले अल्प व्हॅनॅडेट, पटलातील सोडिअम-पोटॅशिअम पंप बंद पाडते. ज्या पटलातून औषधाने आत शिरायचे, त्याच पटलातील एका अत्यावश्यक यंत्रणेला ते विषासमान ठरू शकते. पुढील संशोधनात हा मुद्दा काहीसा मागे पडला. त्याचे एक कारण असे की पेशीत शिरलेल्या व्हॅनॅडेटचे ग्लुटाथायोनमुळे व्हॅनॅडिलमध्ये क्षपण होते आणि व्हॅनॅडिल त्या पंपाला तितकेसे बाधक नसते.

पटल : द्वार की कार्यस्थान?

व्हॅनॅडेटची रचना फॉस्फेटशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ऋण आयनांच्या मार्गाने ते पेशीत प्रवेश करते आणि इन्शुलिन ग्राहीवरील फॉस्फेट काढून टाकणाऱ्या पीटीपी-१बी या विकराला रोखते. ग्राही अधिक काळ कार्यरत राहतो आणि इन्शुलिनचा संदेश लांबतो. या प्रचलित स्पष्टीकरणात पटलाला फक्त द्वाराचे स्थान आहे.

निव्वळ क्षार आतड्यातून फारसा शोषला जात नाही आणि पोटाला त्रास देतो. म्हणून व्हॅनॅडिअमला सेंद्रिय लिगंडची जोड देण्यात आली. माल्टॉल या अन्नात वापरल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्यापासून मॅकनील व ऑर्विग यांच्या गटाने तयार केलेले बीएमओव्ही हे संयुग १९९२ पासून चर्चेत आले. विद्युतभार नसलेला, काहीसा मेदस्नेही असा हा रेणू पटल पार करील ही अपेक्षा होती. अमेरिकेतील कोलोराडो स्टेट विद्यापीठातील डेबी क्रान्स यांच्या गटाने याच टप्प्यावर वेगळा प्रश्न विचारला : हा रेणू पटलातून केवळ जातो, की पटलात राहून तेथेच काही घडवतो?

त्यासाठी वापरलेले प्रतिमान म्हणजे उलटे मायसेल. आयसोऑक्टेनसारख्या द्रावकात एओटी या पृष्ठक्रियाशील द्रव्याच्या वेष्टनात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कोंडलेले असतात. रेणू पाण्यात आहे, सीमापृष्ठावर आहे की मेदस्नेही भागात, हे अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाने कळते. डायपिकोलिनेट लिगंड असलेले व्हॅनॅडिअम संयुग ऋणभारित आहे आणि एओटीचे सीमापृष्ठही ऋणभारित. दोहोंत अपाकर्षण होऊन संयुग पाण्याच्या मध्यभागी राहील, असा सर्वसाधारण तर्क. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते त्या सीमापृष्ठाच्या आत, मेदस्नेही भागात आढळले. भारावरून रेणूचे स्थान ठरवण्याच्या सवयीला या निष्कर्षाने धक्का दिला. या संशोधनाचे हे सर्वांत भक्कम फलित होय.

परंतु एओटी हे सल्फोनेट आहे. त्यात फॉस्फोलिपिड नाही, कोलेस्टेरॉल नाही, प्रथिने नाहीत. जिवंत पटलाच्या दोन्ही बाजूंना पाणी असते; येथे एका बाजूला हायड्रोकार्बन आहे. रेणू कोठे बसू शकतो हे या प्रतिमानातून समजते. तो शरीरात तेथे बसतो का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. मूळ प्रबंधांत ही मर्यादा बहुधा सांभाळलेली दिसते. त्यांवर आधारलेल्या परीक्षणलेखांत मात्र ‘शकतो’चे ‘बसतो’ सहज होऊन जाते.

त्याच विद्यापीठातील पुढील काम जिवंत पेशींवर झाले. २०१२ मधील अभ्यासानुसार बीएमओव्हीमुळे पटलातील मेदरेणूंची सुव्यवस्था घटते आणि त्याच वेळी इन्शुलिन ग्राही पटलातील सूक्ष्मक्षेत्रांत अधिक प्रमाणात गोळा होतात. ही सूक्ष्मक्षेत्रे, म्हणजे कोलेस्टेरॉलयुक्त ‘तराफे’, सभोवतालच्या पटलापेक्षा अधिक सुव्यवस्थित मानली जातात. पटल सैल होत असताना ग्राही घट्ट क्षेत्रांकडे का वळावेत, ही विसंगती महत्त्वाची आहे. संयुगाने पटल बदलले म्हणून ग्राही हलले, असे म्हणता येईल. विकर रोखले गेल्याने ग्राहीवर फॉस्फेट टिकले आणि म्हणून ते हलले, असेही म्हणता येईल. दुसऱ्या शक्यतेत पटलातील बदल हे कारण नसून परिणाम ठरतो. शिवाय या पेशी उंदराच्या बेसोफिल ल्युकेमियापासून मिळवलेल्या आहेत. मधुमेहात ज्यांचा प्रश्न असतो त्या स्नायू, मेद किंवा यकृत यांच्या पेशी त्या नव्हेत.

कार्यकारणाचा क्रम ठरवणारा प्रयोग अशक्य आहे असे नाही. क्रोमिअमच्या बाबतीत तो झाला आहे. २००६ मध्ये एल्मेंडॉर्फ यांच्या गटाने ३टी३-एल१ मेदपेशींना क्रोमिअम दिले. पटलातील कोलेस्टेरॉल घटले आणि ग्लुकोजवाहक ग्लूट-४ पटलावर वाढले. मग बाहेरून कोलेस्टेरॉल भरून काढताच क्रोमिअमचा परिणाम नाहीसा झाला. एक घटक काढायचा, पुन्हा द्यायचा आणि परिणाम त्याच्याबरोबर जातो-येतो का ते पाहायचे, ही रीत साधी पण निर्णायक आहे. दुर्दैवाने ज्या धातूचा पटलविषयक पुरावा असा सुबक आहे, त्याची रुग्णांमधील उपयुक्तता डळमळीत आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये क्रोमिअमला आवश्यक पोषकद्रव्य मानण्यासही पुरेसा आधार नसल्याचे मत दिले.

अखंड संयुग की सुटा धातू?

याहून मूलभूत अडचण रेणूच्या स्वरूपाची आहे. २००३ मध्ये पीटर्स व सहकाऱ्यांनी पीटीपी-१बीचे स्फटिक बीएमओव्हीच्या द्रावणात ठेवून त्यांची रचना तपासली. विकराच्या क्रियास्थानी सापडले ते लिगंडविरहित व्हॅनॅडेट. माल्टॉल तेथे नव्हते. रक्तातही अशा संयुगांतील धातू ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांना बांधला जातो. मग स्नायूच्या पेशीपाशी अखंड बीएमओव्ही किती पोहोचते? ते पोहोचत नसेल, तर अखंड रेणू पटलात कोठे बसतो हा प्रश्न त्या पेशीपुरता गैरलागू होतो.

तथापि एका पटलाशी अखंड संयुगाची गाठ पडण्याची शक्यता खरोखर मोठी आहे, ते म्हणजे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे. जठरातील आम्लात त्याचे काही विघटन होत असले तरी, किरणोत्सारी व्हॅनॅडिअम वापरून उंदरांवर झालेल्या अभ्यासात माल्टॉलयुक्त संयुगांतील धातू व्हॅनॅडिल सल्फेटच्या तुलनेत ऊतींमध्ये अधिक पोहोचला. लिगंडचा खरा उपयोग तेथे झालेला दिसतो. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत व्हॅनॅडिअमच्या क्षारांच्या ज्या छोट्या मानवी चाचण्या झाल्या, त्यांतील रुग्णांच्या तक्रारीही मुख्यतः मळमळ, पोटदुखी व जुलाब अशाच होत्या. शोषण आणि त्रास या दोहोंचे ठिकाण एकच असताना पटलसंशोधनाचा भर इन्शुलिन ग्राहीवर राहिला, हा अग्रक्रम तपासून पाहण्याजोगा आहे.

रसशास्त्रात प्रमेहावर सांगितलेली वंगभस्म, त्रिवंगभस्म यांसारखी द्रव्ये या चर्चेत येथेच येऊन मिळतात. त्यांच्याबद्दलही प्रथम विचारायला हवे ते हेच की आतड्याच्या पटलापाशी धातू कोणत्या रूपात पोहोचतो. त्रिवंगात शिसे असल्याने हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही.

बीएमओव्हीचे भावंड असलेले बीईओव्ही मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. त्या चाचणीत दररोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे २८ दिवस ते घेणारे रुग्ण अवघे सात होते. काही रुग्णांत मूत्रपिंडाच्या तक्रारी दिसल्या, एकस्वाची मुदतही संपत आली आणि काम थांबले. मधुमेहासाठी मान्यता मिळालेले व्हॅनॅडिअमचे एकही औषध आज नाही. व्हॅनॅडिल सल्फेट मात्र पूरक आहार म्हणून विकले जाते, आणि त्याच्या जाहिरातींना या संशोधनाच्या प्रतिष्ठेचा आधार मिळतो. क्रान्स यांच्या प्रयोगांत सीमापृष्ठ भेदून आत शिरला तो डायपिकोलिनेट धारण करणारा रेणू होता. सल्फेटच्या कॅप्सूलमध्ये तसा कोणताही सेंद्रिय लिगंड नसतो.