उसन्या शब्दांचे अनेकवचन

'डेटा', 'मीडिया' ही मुळात लॅटिन अनेकवचने. म्हणून 'मीडिया म्हणतो' हा प्रयोग अशुद्ध, असा आक्षेप घेतला जातो. इंग्रजीतला हा वाद मराठीत आणण्यापूर्वी आपलाच भाषाव्यवहार तपासला पाहिजे. 'अहवाल' हे अरबी 'हाल'चे अनेकवचन, 'उमराव' हे 'अमीर'चे. 'असामी' तर अनेकवचनाचेही अनेकवचन. तरी मराठीने 'एक असामी' म्हटले, आणि त्यात कोणास दोष दिसला नाही. शिरूर अनंतपाळचा परिसर १९४८पर्यंत निजामी राजवटीत होता. दफ्तरी उर्दूत 'जिला'चे अनेकवचन 'अजला' होते. घरच्या मराठीत मात्र 'जिल्हे'च राहिले. राजभाषेने शब्द दिला, व्याकरण दिले नाही. जुन्या पत्रांतील 'अहवाल'चा अर्थ लावताना व्युत्पत्ती अवश्य उपयोगी पडते. परंतु अर्थाचा इतिहास सांगणे वेगळे आणि आजच्या वाक्यावर हुकूम चालवणे वेगळे. उसन्या शब्दाचे वचन त्याच्या कुळावरून ठरवायचे, तर बोलणारा स्वतःच्याच भाषेत पाहुणा ठरतो. फारसीपुढे न झुकलेले मराठी व्याकरण समीक्षकाने लॅटिनपुढे का झुकवावे?