यिर्मया ४५: थकलेल्या लेखकाला मिळालेलं उत्तर

यिर्मयाच्या पुस्तकातलं एक वचन तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असणार. २९:११. देवाचे संकल्प हिताचे आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. कॅलेंडरवर असतं, चहाच्या मगवर असतं, दहावीच्या परीक्षेआधी व्हॉट्सॲपवर तर हमखास येतं. त्याच पुस्तकाचा ४५ वा अध्याय मात्र मगवर छापलेला मी तरी पाहिलेला नाही. अवघी पाच वचनं आहेत. माझं संशोधन याच पुस्तकाच्या रचनेवर आहे, म्हणून आज या पाच वचनांबद्दल.

आधी २९:११ बद्दल एक गोष्ट. ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात येतं, आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण परत जाणार नव्हते. आपण ती ७० वर्षं कापतो आणि उरलेलं वाक्य फ्रेम करतो. मग ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरी आजारपण हटत नाही, त्याला ते वाक्य धीर देण्याऐवजी टोचतं. ‘माझ्यासाठीचे हिताचे संकल्प कुठे गेले?’ असा प्रश्न त्याला पडला, तर त्यात त्याचा काय दोष?

आता ४५ वा अध्याय. वर्ष इ.स.पू. ६०५, यहोयाकीम राजाची चौथी साल. यिर्मया सांगतोय आणि बारूख शाईने गुंडाळीवर उतरवतोय. मजकूर आहे स्वतःच्याच शहराच्या नाशाचा. लिहिता लिहिता बारूख कण्हतो: आधीच दुःख होतं, त्यात आणखी भर पडली, दमलो, विसावा नाही. त्यावर देवाचं उत्तर येतं. मी बांधलेलं मीच पाडतोय, लावलेलं मीच उपटतोय. आणि तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधतोस? शोधू नकोस. पण जाशील तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून देईन.

पहिल्या वाचनात ही दटावणीच वाटते. बरेच जण तशीच वाचतात: महत्त्वाकांक्षा सोड, नम्र हो. बारूखचं घराणं दरबाराशी जोडलेलं होतं हे खरं. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या पदरी अधिकारी झालेला दिसतो (५१:५९). तेव्हा ‘मोठ्या गोष्टी’ म्हणजे पद, मान, असा अर्थ निघू शकतो. पण फक्त दटावणी म्हणून वाचलं तर मधलं वचन वाया जातं. बारूख आपलं दुःख सांगतो आणि देव उत्तरात स्वतःचं नुकसान सांगतो: बांधलेलं होतं, लावलेलं होतं, ते जातंय. पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात यिर्मयाला उपटण्या-पाडण्याचं, बांधण्या-लावण्याचं काम मिळतं. इथे तीच क्रियापदं देव स्वतःबद्दल वापरतो. ‘तुझं दुःख किरकोळ आहे’ असं इथे कुणी म्हणत नाही. मला तरी यात दुःखातली सोबत दिसते.

आणि ‘लूट’? मूळ हिब्रू शब्द शालाल, लढाईनंतर हाती लागलेला माल. बाकी सगळं हरलं, पण जीव हाती लागला. हे वचन पुस्तकात चार ठिकाणी येतं. दोनदा ते शरण जाणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. नेमक्या एका माणसाला उद्देशून ते दोनदाच येतं: यिर्मयाला हौदातून बाहेर काढताना दोरी काचू नये म्हणून काखेत चिंध्या ठेवायला सांगणारा कूशी एबद-मलेख, आणि हा लेखक बारूख. राजा नाही, याजक नाही.

आता माझ्या संशोधनाचा भाग. अध्यायाची तारीख ६०५, पण तो छापलेला आहे ४४ व्या अध्यायानंतर, म्हणजे यरुशलेम पडून लोक मिसरात गेल्यानंतर. इतका उशिरा का? यिर्मयाचं जुनं ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा साधारण एक अष्टमांशाने छोटं आहे आणि त्यातला क्रमही वेगळा आहे. परराष्ट्रांविरुद्धची भाकितं तिथे मध्येच येतात, त्यामुळे बारूखचा हा मजकूर जवळजवळ शेवटी जातो. त्यानंतर फक्त शहराच्या पाडावाची हकिगत. कुमरानला सापडलेल्या काही हिब्रू तुकड्यांचा मजकूर या छोट्या ग्रीक पाठाशी जुळतो, म्हणून अनेक अभ्यासक त्यामागची हिब्रू प्रत जुनी मानतात. जॅक लुंडबॉम यांनी तर या अध्यायाला लेखकाची अखेरची नोंद म्हटलं आहे, जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपलं नाव लिहितो तशी.

हे पटलं तर वाचन बदलतं. वचन मिळालं तेव्हा पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे राजाने ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, पकडण्याचा हुकूम निघाला, बारूखने सगळं पुन्हा लिहिलं, वर भरही घातली (अध्याय ३६). वाचक या पाच वचनांशी पोचतो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं, बारूख जिवंत असतो आणि त्याने लिहिलेलं आपल्या हातात असतं. त्याला मोठं काही मिळालं नाही. जीव राहिला, काम राहिलं.

हे उत्तर सगळ्यांना पुरेल असं मी म्हणणार नाही. ज्यांचा जीवही वाचला नाही त्यांचं काय, हा प्रश्न अध्याय सोडवत नाही. पण जे आजारी माणसाच्या उशाशी रात्री काढतात, ज्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, त्यांच्याशी तो खोटं बोलत नाही. ‘सगळं छान होईल’ यापेक्षा मला ते जास्त धीराचं वाटतं.

वाचून बघायचं असेल तर हा क्रम घ्या: आधी ३६, मग ४३ ची पहिली सात वचनं, आणि शेवटी ४५. अर्धा तासही लागणार नाही. तुम्हाला ती दटावणी वाटते की सोबत, ते मला नक्की कळवा.